योकोहामा सोडण्याआधी

मोहनकाका, आधी माफी मागतो. तुमच्यावर लिहिण्याचा अधिकार खरं तर माझा नाही. इथल्या मराठी मंडळात तुम्हाला पंधरा-पंधरा वर्षं ओळखणारी माणसं आहेत. त्यांनी तुमच्याबरोबर मखरं उभारली, त्यांची मुलं तुमच्या मुलीबरोबर, इराबरोबर वाढली. मी दोन वर्षांपूर्वी आलेला, टोकियोच्या कोतो भागात एका खोलीत राहणारा आणि संध्याकाळी कोन्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, भाताचे गोळे मांडून शिकणारा मुलगा. मंडळाच्या अंकासाठी लिहायचं ठरलं तेव्हा तुमच्या घरी शुभाकाकू म्हणाल्या, "तूच लिही. बाकीचे सगळे 'किती मनमिळाऊ होते' एवढंच लिहितील. तू त्यांच्याशी भांडायचास." मी त्यांना नाही म्हणू शकलो नाही. मला कुणालाच नाही म्हणता येत नाही, आणि आपली भांडणं त्यावरूनच व्हायची. म्हणून आता चुकतमाकत लिहितो आहे. मध्येच उठतो, खिडकी उघडतो, पुन्हा लावतो, घासलेला कुकर पुन्हा घासतो. तुम्ही गेलात त्याला महिना होत आला तरी एका जागी बसवत नाही.

अंक वाचणाऱ्यांना गंमत वाटेल की आपण भांडायचो ते एका तुर्की नौसेनापतीवरून. त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी उस्मान पाशा नावाचा एक ऑटोमन अधिकारी सुलतानाच्या भेटवस्तू घेऊन जपानच्या सम्राटाकडे आला. त्याचं जहाज एर्तुरुल, लाकडी आणि जुनं. वाटेतच किती वेळा दुरुस्तीला थांबलं होतं. योकोहामाला मानसन्मान झाले, मग खलाशांमध्ये पटकी पसरली, माणसं गेली. निघायची वेळ आली ती नेमकी वादळांच्या मोसमात. जपानी अधिकारी म्हणाले, थांबा, जहाजाची डागडुजी करून घ्या. पाशा थांबला नाही. दुसऱ्याच रात्री कुशिमोतोजवळच्या खडकांवर जहाज फुटलं. पाचशेहून जास्त माणसं गेली, पाशाही गेला. जी थोडी वाचली त्यांना तिथल्या कोळ्यांनी पाठीवरून कड्यावर चढवलं आणि घरातली रताळी, कोंबड्या, होतं नव्हतं ते खाऊ घातलं. माझा प्रबंध त्या कोळ्यांवर आहे. म्हणजे होता. तुमची गाठ पडेपर्यंत तो फक्त त्यांच्यावर होता.

गणपतीच्या दिवसांत मंडळाच्या हॉलमागे आपण पातेली घासत होतो. एका काकांनी मला विचारलं, काय शिकतोस? मी म्हटलं, इतिहास. ते म्हणाले, "अरे वा. मग आयटीत कधी येणार?" सगळे हसले, मीही हसलो. तुम्ही हसला नाहीत. तुमचे कोपरापर्यंत हात साबणात होते. "इतिहासात काय?" मी जहाजाचं नाव सांगितलं. तुम्ही पातेलं खाली ठेवलंत आणि म्हणालात, "तो पाशा का निघाला, ते सांग आधी."

कंपनीच्या सहलीत तुम्ही कधीकाळी कुशिमोतोला जाऊन आला होतात. बाकीचे गरम पाण्याच्या कुंडात उतरले तेव्हा तुम्ही स्मारकापाशी उभे राहिलात आणि तेव्हापासून तो प्रश्न तुमच्या डोक्यात बसला. मी प्राध्यापकांकडून ऐकलेलं उत्तर दिलं, की अपघात टळला असता का हा प्रश्न इतिहासकाराने विचारायचा नसतो. तुम्ही म्हणालात, "मग कोणी विचारायचा? बुडालेल्यांनी?" आणि पुढच्या रविवारी उरायासुला, तुमच्या घरी जेवायला बोलावलंत.

किती रविवार झाले ते मोजले नाहीत. तुमच्या जेवणघरात ऑटोमन वजीर आणि सेनापती अशा थाटात वावरायचे, की जणू खालच्या मजल्यावर राहतात. काकू वैतागायच्या. "आज कोणाचं मुंडकं उडवताय? भाजी घ्या आधी." सुलेमान सुलतान मोहिमेवर तंबूत वारला आणि वजिराने ती बातमी नवा सुलतान येईपर्यंत सैन्यापासून लपवली, हे सांगताना तुमचा वरणभात निवायचा. मराठी माणूस कुठूनही निघाला तरी पानिपतला पोचतो, असं मी एकदा म्हटलं. तुम्ही म्हणालात, "मी पोचत नाही. मी आधीच्याच मुक्कामावर अडतो. जिथे कोणीतरी 'भाऊ, परत फिरू या' म्हणायला हवं होतं तिथे."

तुमच्या कामाची भाषा मला तिथेच कळली. पुण्यातले प्रोग्रामर आणि इथलं जपानी गिऱ्हाईक यांच्यामधले तुम्ही पूल. नवी सिस्टिम सुरू करायच्या आदल्या दिवशी इथे एक बैठक होते, हे तुम्ही सांगितलंत. टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाला क्रमाने विचारतात, सुरू करायचं का? आणि प्रत्येकजण क्रमाने म्हणतो, 'मोंदाई आरिमासेन', काही अडचण नाही. खरा निर्णय आधीच झालेला असतो, एकेकाला बाजूला गाठून, जिन्यात, सिगारेटच्या खोलीत. बैठकीत फक्त तो उच्चारायचा. तिथे कोणी वेगळं बोललं तर ते मत राहत नाही, अपशकुन होतो.

"पाशाच्या जहाजावर अशी बैठक झाली असेल?" मी विचारलं.

"झाली असेल की नाही, माहीत नाही. आपण घेऊ," तुम्ही म्हणालात, आणि ताटं उचलायच्या आत घेतलीतही. काकू जपानी बंदर अधिकारी. इरा जहाजाचा सुतार. मी पाशा. तुम्ही स्वतः इस्तंबूल झालात आणि पार पलीकडे सोफ्यावर जाऊन बसलात, कारण इस्तंबूल लांब असतं.

"सुतार-सान, जहाज कसं आहे?" बैठकही तुम्हीच तिथून चालवत होतात.

इराने फोनमधून मान वर केली नाही. "मुरी," ती जपानीत म्हणाली. जमणारच नाही.

"अगं, बैठकीत असं कोणी बोलत नाही."

"पण मुरी म्हणजे मुरी." हेही जपानीतच.

काकू कंबरेवर हात ठेवून उभ्या. "अहो पाशा, वादळाचे दिवस आहेत. थांबा थोडे. जेवायचं काय, आम्ही घालू."

"बंदर अधिकारी असा बोलतो का?"

"मी असाच बोलणार. एवढी पोरं घेऊन चाललाय, त्यांना आया नाहीत का घरी?"

मग सोफ्यावरून आवाज आला. "इस्तंबूलहून तार. कधी निघताय? महिनोन्‌महिने झाले. परदेशात आपल्या आरमाराची अब्रू जाते आहे."

तिघं माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "मी... एकदा विचारून बघतो."

"कोणाला?"

"इस्तंबूलला."

"इस्तंबूल निघा म्हणणार. पुढे?"

"मग निघतो."

"बुडवलीस पोरं!" काकूंनी कपाळावर हात मारला. इरा इतकी हसली की फोन खाली पडला. तुम्ही मात्र सोफ्यावरून उठून आलात आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसलात. "खेळातसुद्धा नाही म्हणवत नाही तुला? अरे, सेनापतीला जो मान मिळतो, जी तलवार मिळते, ती सगळी त्या एका शब्दासाठी. बाकी शिडं बांधायला खलाशी असतातच."

मला राग आला होता. राग आला की मी एरवी गप्प बसतो. त्या दिवशी बोललो. म्हटलं, काका, माझे वडील इचलकरंजीत यंत्रमागावर आहेत. जॉबरने, म्हणजे मुकादमाने, डबल पाळी सांगितली आणि त्यांनी नाही म्हटलं असं मी पाहिलेलं नाही. ते भित्रे नाहीत. नाही म्हणायला मागे काहीतरी लागतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. मी कशाच्या जोरावर कोणाला नाही म्हणू?

"पाशाच्या मागे काय कमी होतं?"

"होतं ते सुलतानाने दिलेलं. पाशा ही पदवीसुद्धा त्याला वाटेत असताना मिळाली. दिलेलं काढून घेता येतं."

तुम्ही लाडवांचा डबा पुढे ओढलात. मग म्हणालात, "हा मुद्दा तुझा," आणि मला लाडू दिलात. आपल्या भांडणात मी जिंकलेला तो एकमेव मुद्दा असेल. पण जाताना चपला घालत होतो तेव्हा दारात पुन्हा टोकलंतच. "एक विचार कर, इचलकरंजीकर. पाशा थांबला असता तर त्याला कोणी शहाणा म्हटलं नसतं. वादळ समुद्रातल्या समुद्रात येऊन गेलं असतं. इस्तंबूलला एवढंच दिसलं असतं की जहाज उशिरा आलं. हे माहीत असून जो थांबतो, त्याच्याबद्दल आपण बोलतोय."

मी पुढच्या वेळी व्हिएन्ना घेऊन आलो. वजीर कारा मुस्तफा व्हिएन्नाला वेढा घालायला निघाला तेव्हा हंगेरीतल्या बुडा शहराच्या म्हाताऱ्या पाशाने त्याला सांगितलं होतं, आत्ता नको. वजिराने ऐकलं नाही, हरला, आणि परत येताना त्या म्हाताऱ्यालाच ठार करवलं. पुढे सुलतानाने वजिरालाही मारलं. मी विजयाने म्हटलं, "बघा. नाही म्हणणारा मेला, हो म्हणणाराही मेला."

"मग निदान नाही म्हणून मरावं," तुम्ही म्हणालात आणि हसलात.

आता ते वाक्य आठवतं आणि मी खोलीत येरझाऱ्या घालतो. खालच्या आजींनी परवा छत्रीच्या दांड्याने छत ठोकलं.

शेवटच्या रविवारी मी तुम्हाला विचारलं होतं. इतके दिवस तुम्ही मलाच विचारत होतात, मी म्हटलं, "काका, तुम्ही 'नाही' म्हटलंय का कधी? बैठकीत, सगळ्यांसमोर?" तुम्ही उत्तर द्यायला तोंड उघडलंत असं मला वाटलं. मग म्हणालात, "दूध बघतो," आणि स्वयंपाकघरात गेलात. काकू तिथेच उभ्या होत्या, दूध त्याच बघत होत्या. तुम्ही परत आलात ते चहा घेऊन आणि विषय बदलून. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण कधी देतोस, कुशिमोतोला कधी जायचं. थंडी कमी झाली की जाऊ, म्हणालात.

त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी तुम्हाला बरं वाटत नव्हतं. छातीत जड वाटतंय म्हणालात. काकू म्हणाल्या, आज नका जाऊ. तुम्ही म्हणालात, जाऊन येतो. स्टेशनच्या जिन्यावर बसलात ते उठलाच नाहीत.

मी खरं लिहितो, कारण काकूंनी मला त्यासाठीच सांगितलं आहे. पहिले काही दिवस मला दुःख झालं नाही, चीड आली. अंत्यसंस्काराच्या हॉलमध्ये तुमच्या ऑफिसचे लोक काळ्या कपड्यांत रांगेने वाकत होते आणि मी मनात म्हणत होतो, यांच्यापैकी कोणाला तुम्ही त्या सकाळी फोन करून 'आज येत नाही' म्हणायला हवं होतं? एवढा एक शब्द. मला दोन वर्षं शिकवलात तो. तुम्ही मला पाशा करून बसवायचात आणि स्वतः रोज सकाळी इस्तंबूलच्या तारेवर निघायचात, असंच मला वाटलं. मग तुमचं सगळं बोलणं नुसतं बोलणं होतं का? लाडू, वजीर, व्हिएन्ना, सगळं? ज्याने स्वतः कधी तो शब्द उच्चारला नाही त्याच्याकडून मी तो शिकत होतो का? एवढं कळल्याशिवाय मला शेवटचं प्रकरण लिहिता येईना. प्राध्यापक म्हणाले, कोळ्यांच्या मदतीवर संपव, सुंदर शेवट आहे. शेवट सुंदर आहे हे मलाही कळतं. पण तुमचा प्रश्न सोडून दिला तर तुम्हाला खोटं ठरवल्यासारखं होईल, आणि धरून ठेवला तर तुम्हालाच विचारावा लागेल.

मी एकटाच कुशिमोतोला गेलो. वाटलं, तिथे काही सुचेल. पुलावरून बेटावर जाणारी बस, दीपगृह, स्मारक, कोणीतरी नुकतीच ठेवलेली फुलं. समुद्र अगदी शांत होता. इतका शांत की मला त्याचा संताप आला. खाली खडक दिसत होते, त्यांच्यावर पाणी नुसतं वरखाली होत होतं. एक जपानी जोडपं फोटो काढत होतं. त्यांनी मला फोटो काढून द्यायची विनंती केली, मी काढून दिला. सुचलं काहीच नाही. परतीच्या बसला वेळ होता तरी मी थांब्यावर उभा राहू शकलो नाही, पुढच्या थांब्यापर्यंत चालत गेलो, मग त्याच्या पुढच्या.

पण काका, एवढंच लिहिलं तर अन्याय होईल. माझ्या पहिल्या हिवाळ्यात तुमचा जुना कोट तुम्ही 'हा मला घट्ट होतो' म्हणून दिलात. तो मला गुडघ्यापर्यंत येतो. इथला कचरा कसा वेगळा करायचा हे तुम्ही शिकवलंत, बाटलीचं झाकण वेगळं, कागद वेगळा, आणि म्हणालात, "हे आलं की जपान आलं." माझ्या वडिलांशी फोनवर बोललात तेव्हा त्यांना 'साहेब' म्हणालात. ते अजून सांगतात सगळ्यांना. त्यांनी विचारलं होतं, इतिहास शिकून पोराचं काय होणार? तुम्ही म्हणालात, "साहेब, तो चांगले प्रश्न विचारतो. बाकीचं होईल." हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, पण त्या रात्री वडिलांनी मला पहिल्यांदा विचारलं की त्या जहाजाचं पुढे काय झालं.

गेल्या रविवारी मी काकूंकडे होतो. तुमची पुस्तकं खोक्यांत भरत होतो. दुपारी बेल वाजली. इशिदा-सान आले होते, तुमच्या ऑफिसातले, चाळिशीचे. हातात मिठाईची पेटी. तुमच्या फोटोसमोर गुडघ्यावर बसले, हात जोडले आणि बराच वेळ उठले नाहीत. काकूंचं जपानी बाजारापुरतं आणि शाळेपुरतं. इशिदा-सान फार अदबीचं बोलत होते, म्हणून इरा मध्ये बसून सांगत होती.

ते म्हणाले, मॅन्युअल विभागात सगळ्यांना तुमची उणीव भासते.

"मॅन्युअल?" काकू म्हणाल्या. "ते तर प्रोजेक्ट बघायचे ना? मुख्य होते."

इशिदा-सानांनी इराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, त्याला चार वर्षं झाली. मोहन-सान खालच्या मजल्यावर होते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सूचना तपासायचे. फार नीट तपासायचे.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "मला म्हणायचे, आता कामाचा ताण कमी झालाय. मी म्हटलं, बरं झालं." मग इराला म्हणाल्या, "विचार त्यांना. का हलवलं? काय केलं होतं बाबांनी?"

इराने विचारलं. इशिदा-सान चहाच्या कपाकडे बघत राहिले. मला वाटलं, हे आता 'माहीत नाही' म्हणतील. पण त्यांनी फोटोकडे एकदा मान लववली आणि बोलायला लागले. एका मोठ्या गिऱ्हाईकाची सिस्टिम सुरू व्हायची होती. आदल्या दिवशीची बैठक. टेबलाभोवती सगळे. काहीतरी कच्चं राहिलंय हे त्यांना स्वतःलाही ठाऊक होतं. त्यांची पाळी तुमच्या आधी होती आणि ते 'मोंदाई आरिमासेन' म्हणाले होते. हे सांगताना त्यांची मान वर झाली नाही. नंतर तुमची पाळी आली. सिस्टिम थांबली, गिऱ्हाईक नाराज झालं, आणि पुढच्या बदल्यांच्या यादीत तुमचं नाव आलं. सुरू केली असती तर काय झालं असतं, ते आजही कोणाला सांगता येत नाही.

इरा इथपर्यंत सांगत आली आणि फोटोकडे वळली. काकू अजून वाट बघत होत्या. सगळं कळलं होतं, फक्त इशिदा-सान बोलले आणि इराने गाळलं ते मधलं एक वाक्य राहिलं होतं. ते मी मराठीत सांगितलं. सगळे हो म्हणाले, आणि काका नाही म्हणाले. वरच्या साहेबांनी शब्द मागे घेता यावा म्हणून पुन्हा एकदा, हळू आवाजात विचारलं. तेव्हाही काका नाही म्हणाले.